भरल्या हंड्याची पावलं

मंजुषानं खलबत्त्याची गोष्ट सांगितली तो गुरुवार होता, आणि रविवार उजाडेपर्यंत योगिनीनं ती कुणालाच सांगितली नव्हती.

सांगण्यासारखं त्यात तसं काही नव्हतंही. मंजुषा लातूरकडची. नवरा महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये, पत्र्याच्या कारखान्यात, तीन पाळ्यांत कामाला. योगिनीच्या चुलतभावानं, कुलदीपनं, भाड्यानं दिलेल्या सोळा खोल्यांपैकी शेवटची खोली त्यांची. दर गुरुवारी ती पुस्तक बदलायला वाचनालयात यायची. त्या दिवशी चार महिन्यांचं बाळ खांद्यावर थोपटत, कपाटातली पुस्तकं तिरकी करून नावं वाचत ती म्हणाली, "ताई, खलबत्त्यात शेंगदाणे कुटले की खालून बी कुणीतरी कुटायलंय असा आवाज यायलाय." आणि स्वतःच हसली. दार हल्ली चौकटीत बसत नाही, असंही तिनं जाता जाता सांगितलं.

"पावसानं फुगलं असेल," योगिनी म्हणाली.

ते दार पत्र्याचं होतं, हे तिला संध्याकाळी आठवलं.

नानांना, योगिनीच्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून गुरुवारी आणि रविवारी ती चिंचवडहून धामणवाडीला येऊन वाचनालय उघडत होती. तसं कर म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरात नानांचे कपडे होते, चष्मा होता, पण त्यांचं अक्षर इथं होतं. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर, नोंदवहीत, कपाटांच्या काचांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवर. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी म्हसोबाच्या दगडाशेजारी या दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, 'गावगोष्ट'. कंपन्या येण्याआधीची धामणवाडी ज्यांनी पाहिली त्यांनी यायचं, बोलायचं. नाना ते रेकॉर्डरवर घ्यायचे आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या नकाशावर काळ्या शाईनं खूण करायचे. शेतांची नावं, पाणंदी, तोडलेली झाडं, बुजलेल्या विहिरी. भाडेकरूही येऊन बसत. आपण जिथं झोपतो त्या जागेला पूर्वी एखादं नाव होतं, हे ऐकायला त्यांना आवडायचं.

या रविवारचा विषय आजारी पडण्यापूर्वी नानांनीच वहीत लिहून ठेवला होता. थोरली विहीर.

म्हणून शुक्रवारी ती मुद्दाम पुन्हा येऊन अंबूबाईचं रेकॉर्डिंग ऐकत बसली. अंबूबाई दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिच्याइतकं त्या विहिरीचं पाणी कुणी ओढलं नसेल. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. थोरल्या विहिरीवरून हंडे घेऊन निघालं की म्हसोबापाशीच टेकवायचे, मध्ये नाही. डोक्यावर ओझं असलं की नजर खाली जात नाही, म्हणून बाया पावलं मोजायच्या. "भरल्या हंड्याची एकशेचाळीस," अंबूबाई म्हणाली. "एक कमी न्हाई का एक जास्ती न्हाई. येताना म्हसोबा, नि जाताना मोजलं तर हीर. त्या अंगाला कठडा नव्हता बाबा. चुकलं की आतच."

त्यावर नानांचा आवाज आला. त्यांचा तो सावकाश, वर्गात ऐकू यावा असा आवाज.

"हे राहू द्या. पुढचं सांगा."

आणि रेकॉर्डिंग तिथंच थांबलं. पुढचं काही नव्हतंच.

योगिनीनं ते चार वेळा ऐकलं. मग छत्री घेऊन, डोक्यावर हंडा असल्यासारखी लहान पावलं टाकत, ती म्हसोबापासून मोजत निघाली. साती आसरांचे सात दगड, शेंदूर लावलेले, पाण्याच्या देवींचे; ते विहिरीच्या काठी असायचे आणि आजही मोकळ्या जागेत पत्र्याच्या लहानशा छपराखाली होते. ते सगळं नकाशाबरहुकूम होतं. विहीर आसरांपाशी, बुजवलेली, वर गवत. पण आसरा शंभराव्या पावलालाच आल्या. ती पुढं चालत राहिली. एकशेसदतीसला तिच्या चपलेचं टोक मंजुषाच्या उंबऱ्याला लागलं.

तिनं परत येऊन नकाशा भिंतीवरून उतरवला आणि खिडकीशी धरला. शेवटच्या खोलीच्या जागी रुपयाएवढा गोल उजेड दिसला. तिथला कागद ब्लेडनं खरडून पातळ केला होता. नाना मुलांच्या दाखल्यांवरची चूक अशीच काढायचे. हलक्या हातानं, कागद न फाटू देता.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात ते रोज एकच विचारायचे. पाऊस किती झाला? तिला वाटलं होतं, भ्रम आहे. दर पावसाळ्यात ते सकाळ-संध्याकाळ खोल्यांच्या मागच्या बाजूनं चक्कर मारायचे, आणि तिला वाटलं होतं, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय.

*

रविवारी तीन वाजता घरचे आले. गौरी-गणपती होऊन गेले होते तरी पाऊस हटत नव्हता. कुलदीप गाडीतून तात्यांना आणि शालन आत्याला घेऊन आला. आई, रुक्मिणीबाई, घरून चालत आली होती. योगिनीनं कुणाला बोलावलं नव्हतं. तिनं फक्त शनिवारी रात्री फोनवर आईला विचारलं होतं की आसरा पूर्वीपासून तिथंच होत्या का. त्यावर आईनं फोन ठेवला होता.

कुलदीप तिच्याहून सहा वर्षांनी लहान. आल्या आल्या त्यानं सतरंज्या अंथरायला मदत केली, पंखा लावला, मग दार लोटून घेतलं. त्याचं म्हणणं सरळ होतं. विहीर बुजवून पंधरा वर्षं झाली. चाकणहून बावीस डंपर मुरूम आणि राडारोडा आणून भरला होता, त्यावर कोबा, कोब्यावर टाइल. भराव केव्हाच बसला. आता लोकांसमोर नाही ते उकरून काढलं तर उद्या सोळा कुटुंबं बॅगा घेऊन रस्त्यावर उभी राहतील, आणि ती आपल्याला शिव्या देतील, विहिरीला नाही.

"तू शेवटच्या खोलीत कधी गेला होतास?" योगिनीनं विचारलं.

तो मोबाइलकडे बघायला लागला. तिच्या लक्षात आलं की तो नेहमी ओट्याखाली उभा राहूनच बोलतो. नळ दुरुस्त करायचा असला तरी प्लंबरला आत पाठवतो आणि स्वतः बाहेर थांबतो. बायका एकट्या असतात म्हणून, असं तिला वाटायचं. किती सभ्य आहे, असं तिनं एकदा नानांना म्हटलंही होतं.

तात्या, म्हणजे कुलदीपचे वडील आणि नानांचे धाकटे भाऊ ज्योतीराम, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. नानांना मास्तर होता यावं म्हणून सातवीत शाळा सोडून हा माणूस औताला लागला होता. घरात हे कुणी बोलून दाखवत नसे. पण तात्यांनी काही मागितलं आणि नानांनी नाही म्हटलं, असं योगिनीनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"हीर आसरांपाशीच हुती," शालन आत्या म्हणाली. पंचाहत्तरी ओलांडलेली, नानांची थोरली बहीण. तिनं योगिनीच्या डोळ्याला डोळा भिडवला. "मी ह्या घरात जल्मले. तू कुठं हुतीस तवा?"

"अंबूबाई तर एकशेचाळीस म्हणते."

"अंबूला शंभराच्या फुडं कुठं मोजता येत हुतं?"

कुलदीप हसला. तात्या हसले नाहीत.

आई नानांच्या फोटोखाली उभी होती. पदराच्या टोकानं तिनं काच पुसली, जिथं पुसायची गरज नव्हती तिथंही. "त्यांनी जे केलं ते केलं," ती योगिनीकडे न बघता म्हणाली. "गावानं त्यांना गुरुजी म्हटलंय चाळीस वर्षं. आता फोटुतल्या माणसाला लोकांपुढं उभं करायचं न्हाई."

म्हणजे आईला माहीत होतं. योगिनीला ते शनिवारच्या फोनपासूनच माहीत असावं, तरी खोलीतली हवा कुणीतरी काढून घ्यावी तसं तिला झालं. आई त्या तिघांच्या बाजूला उभी होती, अगदी पायांच्या अंतरावरून कळावं इतकी.

तात्यांनी तोड सुचवली. दिवाळी होऊ दे. मग रंग काढायचा म्हणून शेवटच्या तीन खोल्या रिकाम्या करू, आणि परत कुणाला द्यायच्या नाहीत. गाजावाजा नको. दादाचं नाव नको. ते इतक्या हळू बोलत होते की पत्र्यावरच्या पावसात निम्मं बुडून जात होतं. कुलदीपनं लगेच मान हलवली. त्यालाही सुटल्यासारखं वाटलेलं दिसलं.

दिवाळीला महिना होता. पंधरा वर्षं काही झालं नाही ते एका महिन्यात काय होणार, हा विचार योगिनीच्या मनात आला आणि तिनं तो येऊ दिला. तिला ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकवायचं नव्हतंच. अंबूबाईचं नव्हे, त्यामागून येणारे ते पाच शब्द. पंचवीस माणसांनी ते ऐकावेत, आणि घरी जाताना गुरुजींविषयी काहीबाही बोलत जावं, हे तिला सोसलं नसतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "ते लावत नाही."

आत्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हातानं तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.

*

चार वाजता माणसं जमली. जुने गावकरी सात-आठ, बाकी खोल्यांमधल्या बाया, ओल्या छत्र्या दाराशी. योगिनीनं सुरुवात केली. विहीर कधी खणली, दगड कुठून आणला, दुष्काळात आसपासच्या चार वाड्या तिच्यावर कशा तगल्या. हे सगळं नानांच्या वहीत होतं आणि खरं होतं. तिचा आवाज ठीक निघत होता. नकाशावर बोट ठेवून तिनं सांगितलं की विहीर इथं, आसरांपाशी. शालन आत्यानं मान डोलावली. तात्यांनी उठून दोन वाक्यांत तेच सांगितलं; नळ आल्यापासून विहिरीकडे कुणी फिरकलं नव्हतं, आसरा दिसतात तिथंच विहीर असं धरून लोकांनी ते ऐकून घेतलं. बोट काढल्यावर कागदावर घामाचा डाग राहिला.

मग मंजुषानं हात वर केला, शाळेत करतात तसा.

तिला योगिनीला काही विचारायचं नव्हतं. ती फोटोखाली बसलेल्या रुक्मिणीबाईंकडे वळली. "काकू, तुमी भरलंय ना ह्या विहिरीचं पाणी? मग आमच्या खोलीच्या जागी काय होतं तेव्हा? कालपासून टाइल हलायलीय. बाळाचे पप्पा म्हणतेत उंदीर असतील."

कुलदीप दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, तो सरळ झाला.

"बाळ कुठाय?" आईनं विचारलं.

"निजलंय. त्याचे पप्पा हायत की घरी, नाइट करून आलेत."

"खाली निजलंय?"

"न्हाई, झोळीत."

"झोळी कुठं बांधलीस?"

"मधोमध," मंजुषा म्हणाली. "वरच्या पायपाला."

योगिनी आईकडे बघत होती. आईच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. तिनं हातातला रुमाल घडी करून कमरेला खोचला, गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या हंड्याशी गेली. स्टीलचा हंडा, सकाळी भरलेला. अंगावरची शाल काढून तिनं तिची चुंबळ केली.

"वहिनी," तात्या म्हणाले.

"हात लावा कुणीतरी."

कुलदीप पुढं झाला. म्हणाला, काकू, कशाला उगाच, तुमच्या मानेला जपायला डॉक्टरांनी सांगितलंय, आणि आता तुमचं पाऊल लहान पडतं, त्या मोजण्याला काय अर्थ आहे.

"तवा डोक्यावर दोन असायचे," आई म्हणाली. "पाऊल लहानच पडायचं. मोकळ्या डोक्यानं पाय मोजत न्हाईत, बाळा. हात लाव."

त्यानं हात लावला नाही. मंजुषानं आणि योगिनीनं हंडा उचलून चढवला. पाणी काठोकाठ होतं. थोडं आईच्या कपाळावरून नाकावर ओघळलं. म्हसोबाच्या दगडापाशी जाऊन ती उभी राहिली, आणि चालायला लागली.

रिमझिम होती. सगळे मागून निघाले, कुणी छत्री उघडली नाही. आई ओठातल्या ओठात मोजत होती. योगिनी तिच्या डाव्या हाताला, पडली तर धरता यावी इतक्या अंतरावर. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन महिन्यांत निम्मी झालेली. पण हंड्याखाली तिची पाठ सुतासारखी सरळ झाली होती. योगिनीनं आईला असं चालताना लहानपणी पाहिलं असणार. तिला ते आठवेना.

साठाच्या सुमाराला दुसरा आवाज मिसळला. शालन आत्या. कुलदीपच्या हाताचा आधार सोडून ती भावजयीच्या उजव्या अंगाला आली होती आणि मोठ्यानं मोजत होती. एकसष्ट, बासष्ट. तिनं योगिनीकडे बघितलं नाही. दोघी म्हाताऱ्यांची पावलं एकदम पडत होती.

शंभराला आसरा आल्या. आई थांबली नाही. मान न वळवता तिनं एक हात छातीशी नेला, देवाला न्यावा तसा, आणि पुढं गेली. मागं कुणीतरी 'अरे' म्हणालं. पावलांचे आवाज थोडे मागं पडले, मग पुन्हा जवळ आले.

एकशेतीस. ओट्याच्या दोन पायऱ्या आई मोजल्याशिवाय चढली. मंजुषानं पुढं होऊन दार ढकललं. ते खाली घासलं, अर्धंच उघडलं.

"एकशेसदतीस," दोघी म्हणाल्या, आणि उंबऱ्याशी थांबल्या.

"तीन राहिली," आत्या म्हणाली. आता तिच्या आवाजात काहीच उरलं नव्हतं.

योगिनीनं हंडा उतरवून उंबऱ्याच्या आत, टाइलवर ठेवला. पाणी एका अंगानं काठावरून सांडायला लागलं. दुसऱ्या अंगाला काठ बोटभर कोरडा राहिला. सांडलेलं पाणी दाराकडे आलं नाही. ते एक बारीक धार होऊन आत, खोलीच्या मध्याकडे गेलं, आणि दोन टाइलांच्या सांध्यात नाहीसं झालं. सगळे बघत होते.

आत उजवीकडच्या भिंतीशी मंजुषाचा नवरा तोंडावर पांघरूण घेऊन झोपला होता. मधोमध, छपराच्या पाइपाला बांधलेल्या साडीच्या झोळीत बाळ. झोळी अगदी हळू हलत होती. खिडकी बंद होती.

मंजुषा आत शिरणार तोच आईनं तिचा दंड धरला. मंजुषा ओरडली नाही. तिच्या तोंडून बारीकसा आवाज येत राहिला, आणि तिचं सगळं अंग दाराकडे ओढ घेत होतं. योगिनीनं चपला काढल्या. आपल्यालाच जायला हवं, असं तिला वाटलं; महिनाभर थांबायला आपणच होकार दिला होता. पण पाय कुठं ठेवायचा? तिनं टाइलांकडे बघितलं. सगळ्या सारख्या होत्या. पांढऱ्या, कडेला निळी वेलबुट्टी, स्वच्छ पुसलेल्या. पायाखाली काय आहे हे तिला वाचता येईना.

"सर तू," मागून तात्या म्हणाले.

ते गर्दीतून पुढं आले होते. कुलदीपनं त्यांचा सदरा धरला. म्हणाला, तात्या, थांबा, मी फायर ब्रिगेडला फोन लावलाय, येतील. तात्यांनी त्याची बोटं सोडवली, एकेक करून.

"बुजवताना मी हुतो," ते म्हणाले. "कड कुठनं फिरती ते मला ठावं हाय."

उंबरा ओलांडून ते सरळ गेले नाहीत. डावीकडे वळले, एक पाऊल, मग अर्धं. टाच आधी टेकवून, वजन सावकाश टाकत. भिंतीला धरूनही चालले नाहीत. भिंतीपासून हातभर अंतर राखून ते वळत गेले, खोलीच्या कोपऱ्यात आत सरकले, पुन्हा बाहेर आले. सपाट, रिकाम्या फरशीवर एक म्हातारा माणूस वाकडा चालला होता. आणि तो जसा चालला तशी दारातल्या प्रत्येकाला विहीर दिसली. तिचा गोल दिसला, दगडी बांधणीची कड दिसली. मंजुषाची चूल, डब्यांची मांडणी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं काठाकाठानं लावलेलं दिसलं.

मागच्या भिंतीशी पोचल्यावर ते थांबले. झोळी त्यांच्यापासून दोन हात आत होती. त्यांनी टोपी काढून खिशात घातली, कमरेतून वाकून हात लांब केला. बोटं साडीला लागली आणि निसटली. झोळी झुलली, दूर गेली, परत आली. खालून काहीतरी वाजलं. फार खोलवर, ओल्या मातीचं ढेकूळ पाण्यात पडावं तसं. आत्यानं डोळे मिटले. दुसऱ्या खेपेला तात्यांनी साडी मुठीत पकडली, स्वतःकडे ओढली, बाळ उचलून सदऱ्याशी धरलं. बाळ जागं झालं आणि रडायला लागलं. त्या आवाजानं मंजुषाच्या नवऱ्यानं पांघरूण बाजूला केलं.

"उठू नगं," तात्या म्हणाले. आवाज अगदी साधा होता, शेजारी बसून बोलावं तसा. "बसूबी नगं. हाय तसाच लोळत दाराकडं ये. भिंत सोडू नगं."

त्या माणसानं दारातली गर्दी पाहिली, बायकोचा चेहरा पाहिला, आणि काही न विचारता लोळत आला. कुलदीपनं त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. तात्या आले तसेच, त्याच वाकड्या वाटेनं, बाळाला घेऊन परत आले. या खेपेला त्यांना अधिक वेळ लागला.

बाळ मंजुषाच्या हातात गेल्यावर तिनं ते हुंगलं. एवढंच. मग ती ओट्यावरून उतरली आणि मागं न बघता म्हसोबापर्यंत चालत गेली.

त्यानंतर कुलदीप धावला. पंधरा दारं होती, त्यानं एकेक वाजवलं. झोपलेल्यांना उठवलं, स्वयंपाक करणाऱ्यांना गॅस बंद करायला लावला. नावं घेऊन हाका मारत होता. त्याला सगळ्यांची नावं पाठ होती. पहिल्यांदाच त्यानं कुणाच्या तरी उंबऱ्याच्या आत पाय टाकलेला योगिनीनं पाहिला. एकानं विचारलं, काय झालंय, तर तो म्हणाला, "खाली विहीर आहे." लोकांनी काय घ्यावं हे त्यांना सुचत नव्हतं. एक बाई कणकेची परात घेऊन बाहेर आली आणि तशीच पावसात उभी राहिली.

तात्या ओट्याच्या खालच्या पायरीवर बसायला निघाले, मग बिचकून पुढं गेले आणि रस्त्याच्या कडेला, पक्क्या डांबरावर, बसले. योगिनी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. आजूबाजूला माणसं गोळा झाली. जुने गावकरी, खोल्यांतले पुरुष. आत्याही आली.

"आसरा आम्ही हलवल्या," तात्या म्हणाले. "खोल्या बांधायच्या आधी; हिरीवर कोण ऱ्हायला येणार म्हणून. भर दुपारी, गाव शेतावर असताना. सात दगड, दोघांनी. लिही, योगी. नकाशात लिही तसं."

तिच्याजवळ वही नव्हती. रेकॉर्डर टेबलावर राहिला होता. नाव तिला ठाऊक होतं. इथल्या प्रत्येकाला ते आत्ता कळलं असेल किंवा पुढच्या क्षणाला कळणार होतं. ते न विचारताही तिला लिहिता आलं असतं. न लिहिताही आलं असतं. नानांनी थांबवलं तसं सांगणाऱ्याला मध्येच थांबवणं किती सोपं असतं, ते तिला कळलं.

"दुसरं कोण होतं, तात्या?"

तात्यांनी मान वर केली नाही. त्यांचे ओठ हलले. दादा म्हणायला त्यांची जीभ उचलेना. त्यांनी भावजयीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघायला लागले.

आई माणसांच्या मागं उभी होती, ओल्या केसांनी, चुंबळीची शाल हातात लोंबत. लोकांनी तिला वाट दिली. ती पुढं आली. क्षणभर योगिनीला वाटलं की ती आपल्याला घरी चल म्हणेल, आणि आपण जाऊ.

"नानासाहेब," आई म्हणाली.

उखाण्याबाहेर हे नाव आईनं घेतलेलं योगिनीनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मागं उभ्या असलेल्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं, कुणीतरी 'कोण?' म्हणालं. आईनं तोंडावरचं पाणी पुसलं आणि पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, ते नाव घेतलं.